यादीत नाव, हाती शून्य

परळच्या चाळीत राहणाऱ्या एका तरुण पदवीधराने ४ जून १९१३ रोजी बडोदे सरकारशी करार केला आणि जुलै संपण्यापूर्वी तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना दिलेल्या या शिष्यवृत्तीचे गोडवे आपण उठता-बसता गातो. त्या व्यवहारातील तत्परतेकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. बोटीच्या आणि टपालाच्या त्या काळात करार व प्रवेश यांमध्ये दोन महिनेही गेले नाहीत!

अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती योजना आहे. तिचा आरंभ १९५४-५५ चा. एवढ्या मोठ्या देशासाठी वर्षाला १२५ जागा, म्हणजे समुद्रात मूठभर साखर. त्यातही २०२५ च्या जुलैत निवड झाली १०६ जणांची आणि तात्पुरती मंजुरीपत्रे मिळाली ४० जणांना. उरलेल्या ६६ जणांना सांगण्यात आले, की निधी उपलब्ध झाल्यास पत्रे देण्यात येतील.

‘झाल्यास’ या एका शब्दाने किती घरांची झोप उडाली असेल! इंग्लंडमधील विद्यापीठांचे वर्ष सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते. त्यापूर्वी विद्यापीठाला खर्चाची हमी हवी, व्हिसासाठी पैशाचा पुरावा हवा. ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे त्यांनाच ही शिष्यवृत्ती मिळू शकते. अशा कुटुंबाने बँकेपुढे तारण म्हणून काय ठेवावे? पुढे निधी मिळालाही असेल, पण तोवर गेलेल्या दिवसांचे काय?

आम्ही शाळामास्तर होतो तेव्हाची गोष्ट आठवते. एका मुलाच्या फीची सरकारी रक्कम वार्षिक परीक्षा उरकल्यावर आली. तोवर त्याच्या बापाने दुभती शेळी विकली होती. कागदोपत्री मात्र विद्यार्थ्यास लाभ मिळाला, अशी नोंद झाली.

पैसा अवेळी थांबला की काय होते, हेही आंबेडकरांच्याच चरित्रात दिसते. १९१६ साली ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा, १९१७ साली, अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा लंडन गाठावयास १९२० साल उजाडले, आणि त्यासाठी सिडनहॅम कॉलेजच्या पगारातील शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य व एका पारशी मित्राचे कर्ज कामी आले. प्रत्येक विद्यार्थ्याला असे मित्र कोठून मिळणार?

दुसरी एक गोष्ट याहून खटकणारी आहे. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, अशी अट २०२२ साली नियमांत घालण्यात आली. असा अभ्यास देशातच चांगला होतो, हे त्याचे समर्थन. मग ९ मे १९१६ रोजी कोलंबियात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचणारा विद्यार्थी या नियमाने अपात्रच ठरला असता! ज्याने जातीचे चटके सोसले त्याने दूर जाऊन तिची चिकित्सा करावी, यात सरकारला अडचण कसली? या अटीला अशा योजनेत जागा असता कामा नये.

सरकारकडे आमची मागणी साधी आहे. जेवढ्या जागा जाहीर होतील तेवढा निधी अर्ज मागविण्यापूर्वीच मंजूर असावा. निवडीची यादी आणि मंजुरीपत्रे एकाच दिवशी, उशिरात उशिरा एप्रिलमध्ये, निघावीत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेशी शिष्यवृत्ती देणाऱ्या महाराष्ट्र सरकारनेही हेच वेळापत्रक स्वतःला लावून घ्यावे.