पाहुणा मलकापूरला उतरतो, पण थांबत नाही

मुंबई-पुण्याच्या नोकरदाराला दोन दिवसांची सुट्टी मिळाली की आता लोणावळा-महाबळेश्वरची गर्दी नकोशी वाटते. त्याला एखादे लहान गाव, मोकळी हवा आणि घरचे जेवण हवे असते. जेथे मागणी असते तेथे व्यापार उभा राहतो. हा व्यापार करायचा कोणी, एवढाच प्रश्न आहे.

मलकापूरचेच पाहा. फारुकी घराण्यातील मलिकेवरून हे नाव पडले, असे सांगतात. 1867 साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, तेव्हापासून या मार्गावर अनेक पिढ्यांनी प्रवास केला. बुलडाण्याला जायचे तर जवळचे स्टेशन हेच. तेथून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे 45 किलोमीटर. पण गाडीतून उतरलेला पाहुणा चहा पितो आणि एस.टी. पकडतो. त्याचा पैसा चहाच्या कपापुरताच गावात राहतो.

महामार्गावरच्या, कापसाच्या बाजारपेठेच्या गावात शांतता कोठली, असे कोणी विचारील. ती गावात नाही, शिवारात आहे. मोताळा तालुक्यात नळगंगेचा जलाशय आहे, पूर्णाकाठची काळीभोर शेते आहेत आणि राजूर घाट चढला की बुलडाण्याची थंड हवा आहे. पुढे ज्ञानगंगा अभयारण्य आणि 2020 साली रामसर यादीत गेलेले लोणार सरोवरही याच जिल्ह्यात आहे.

यासाठी कर्ज काढून हॉटेल बांधावे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. मळ्यात दोन स्वच्छ खोल्या, पाणी, नीटनेटके शौचालय, ज्वारीची भाकरी आणि स्टेशनपासून ठरलेल्या भाड्याची रिक्षा, एवढ्यावर सुरुवात होते. राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरणही 2020 साली आले आहे. विदर्भाचा उन्हाळा पाहुण्याला सोसणार नाही, म्हणून पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंतचाच हिशेब धरावा आणि हा जोडधंदाच समजावा. त्यातून शेतकऱ्याबरोबर रिक्षावाला, किराणा दुकानदार आणि स्वयंपाक करणाऱ्या भगिनी यांनाही चार पैसे मिळतील. रोजगारासाठी सुरत-पुण्याची वाट धरणाऱ्या तरुणांपैकी काही जण तरी घरी राहतील.

मात्र दोन गोष्टींपासून जपले पाहिजे. पहिली म्हणजे अडलेल्या पाहुण्याकडून दुप्पट भाडे उकळणे. एकदा फसलेला माणूस पुन्हा येत नाही आणि दहा जणांना येऊ देत नाही. दुसरी म्हणजे जलाशयाकाठी डी.जे. आणि प्लॅस्टिकचा ढीग. ज्या शांततेसाठी पाहुणा आला तीच गेली, तर विकायला उरले काय?

कापसातली कवडी वेचल्याशिवाय चांगला भाव मिळत नाही, हे मलकापूरच्या व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. तीच दृष्टी येथे ठेवावी. व्यापारी बंधूंनी आणि रिक्षाचालकांनी एकत्र बसून दर ठरवावेत आणि ते स्टेशनबाहेर ठळक अक्षरांत लावावेत. सुरुवात त्या फलकापासून व्हावी, असे आम्हाला वाटते.