आधी भाकरी की आधी मान?

पुरोगामी म्हणविणाऱ्या चळवळीत एक वाद गेली जवळजवळ शंभर वर्षे चालू आहे. एका गटाचे म्हणणे असे की, श्रमाचा दाम, जमीन आणि रोजगार यांचा प्रश्न सुटला की जातीपातीचा प्रश्न आपोआप विरून जाईल. म्हणून तो आज उकरून काढू नये. त्याने कष्टकऱ्यांची एकजूट फुटते. दुसरा गट म्हणतो की, माणूस म्हणून मान मिळाल्याखेरीज पोटाची लढाई म्हणजे गुलामीतली पगारवाढ आहे; तेव्हा आधी प्रतिष्ठा, बाकीचे मागाहून. दोन्ही गटांकडे विद्वान आहेत, ग्रंथ आहेत, ठरावांची चळत आहे. नाही ती एवढीच तयारी की, आपल्या हातातले सत्य अर्धे आहे हे कबूल करावे. या वादाचा निवाडा ज्यांना खरोखरच हवा असेल, त्यांनी परिसंवादाच्या सभागृहातून उठून चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याला जावे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचे वरोरा हे टोपलीच्या संडासांचे गाव होते. त्या काळी देशातली बहुतेक गावे तशीच होती. गोरजे येथील जमीनदार घराण्यातले वकील मुरलीधर देविदास तथा बाबा आमटे हे तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते आणि मैला वाहणाऱ्या सफाई कामगारांच्या संघटनेतही ते पुढे होते. संघटना म्हटली की वेतनवाढीची मागणी आली. कामगार चळवळीच्या शिरस्त्याप्रमाणे निवेदन, वाटाघाटी, प्रसंगी संप आणि अखेर चार पैशांची वाढ, असा हा मार्ग ठरलेला. पण या कामात एक गोष्ट अशी होती की जी कोणत्याही वेतनमानात बसत नव्हती. पगार दुप्पट झाला तरी टोपली डोक्यावरच राहणार होती, आणि ज्याच्या डोक्यावर ती होती त्याच्या मुलाच्याही डोक्यावर तीच येणार होती. उलट, माणसाची विटंबना थांबवायची म्हणून टोपली एका दिवसात हिसकावून घेतली असती, तर संध्याकाळी त्या घरची चूल पेटली नसती. बाबांनी स्वतः ती टोपली डोक्यावर घेतली आणि कित्येक महिने हे काम केले. छायाचित्रापुरता हातात झाडू धरणारे पुढारी देशाने पुढे पुष्कळ पाहिले. ही गोष्ट त्या जातीची नव्हती. याच कामात असताना पावसात गटाराकाठी पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना दिसला, आणि निर्भय म्हणून ख्याती असलेला हा माणूस तेथून भीतीने दूर झाला. त्या भीतीचा छडा लावण्यासाठी ते परतले. तेथून पुढचा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे.

ठाऊक आहे, पण त्याचा अर्थ नीट लावला गेलेला नाही. आनंदवनाकडे सेवेचे, करुणेचे मंदिर म्हणून पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. वर्षातून एकदा सहल न्यायची, देणगीची पावती घ्यायची, डोळे पुसायचे आणि परतायचे. वास्तविक आनंदवन ही आर्थिक आणि सामाजिक न्यायाच्या नात्याची प्रयोगशाळा होती. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. सरकारने दिलेली पन्नास एकर खडकाळ, झुडपी जमीन, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढे भांडवल. बोटे झडलेल्या हातांनी विहीर खणली गेली, जमीन उपजाऊ झाली, भाजीपाला पिकला, दूध निघाले. पोथीतल्या अर्थशास्त्राप्रमाणे प्रश्न येथे संपायला हवा होता. उत्पादनाचे साधन कष्टकऱ्याच्या हाती आले होते, मधला मालक नव्हता, शोषण नव्हते.

प्रश्न तेथे सुरू झाला. कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी आणि दूध घ्यायला वरोऱ्याचा बाजार तयार नव्हता. माल चांगला होता, भाव वाजवी होता. नव्हता तो विश्वास, की या हातांना शिवलेली वस्तू घरात आणता येते. अर्थशास्त्रातली मागणी आणि पुरवठा एका न दिसणाऱ्या भिंतीपाशी अडून पडले होते. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक तेथे येऊन राहिले, रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी बांधकाम केले, तेच अन्न खाल्ले. तेव्हा कुठे गावाची भीड चेपली. परक्यांनी खाल्ल्यावर आपल्यांनी खाल्ले, हेही आपल्या समाजाच्या स्वभावाचे एक मासलेवाईक दर्शन आहे. ते कसेही असो, भिंत हलली आणि त्यानंतरच शेतीचा हिशेब जुळू लागला. १९६४ मध्ये त्याच भूमीवर महाविद्यालय उभे राहिले आणि ज्या गावाला या जमिनीवरचे दूध नको होते, त्या गावची मुले पदवीसाठी तेथे जाऊ लागली. येथे भाकरी आधी आली की मान? ज्याला या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात हवे आहे त्याला हा प्रयोग कळलाच नाही. श्रमावाचून मान भिकेचा ठरला असता आणि मानावाचून श्रमाचे फळ शेतात कुजले असते.

कायद्याचे उदाहरण याहून बोलके आहे. बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, हे १९८० च्या दशकापासून सिद्ध झालेले आहे. तरीही १८९८ चा ब्रिटिशांचा कुष्ठरोगविषयक कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यासह पाच व्यक्तिगत कायद्यांत जे नोंदलेले होते, ते २०१९ मध्ये काढले गेले. कमावता, निरोगी, कर भरणारा मनुष्य केवळ एका जुन्या निदानामुळे संसारातून उठवला जाऊ शकत होता. खिशातल्या पैशाने ही तरतूद विकत घेता येत नव्हती. ती संसदेलाच पुसावी लागली.

आता या प्रकाशात पुरोगामी चळवळीचा इतिहास पाहिला पाहिजे. १९२८ च्या मुंबईतील गिरणी संपाच्या वेळी अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. कांडी बदलताना तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून स्पृश्य कामगारांना त्यांची शेजारी उपस्थिती चालत नव्हती. आणि अधिक मजुरी तर याच खात्यात होती. म्हणजे जातीने थेट पगाराच्या पाकिटात हात घातलेला होता. तरीही हा अन्याय संपाच्या मागण्यांत यावा यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आग्रह धरावा लागला आणि लाल बावट्याच्या नेत्यांनी तो नाखुशीनेच मान्य केला. जगातील कामगारांनो एक व्हा म्हणणाऱ्यांना एका गिरणीच्या दोन खात्यांतले कामगार एक करता आले नाहीत.

बाबासाहेबांनी स्वतः या दोन्ही बाजू एकत्र बांधण्याचा जो प्रयत्न केला, तसा त्या काळात दुसऱ्या कोणी केल्याचे दिसत नाही. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष, १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक, फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू असल्याची घोषणा, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांसह एक दिवसाचा संप. येथील ब्राह्मणशाही म्हणजे जातीने ब्राह्मण असलेली माणसे नव्हेत, तर समतेचा नकार, हे त्यांनी त्याच भाषणात स्पष्ट केले होते. ते वाक्य सोडून बाकीचे उद्धृत करणारे दोन्ही बाजूंना सारखेच आढळतात. पण १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली आणि मजूर पक्ष मागे पडला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत तर एक विदारक दृश्य दिसले. द्विसदस्य मतदारसंघ, समाजवाद्यांशी युती, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता आणि राखीव जागेवर बाबासाहेब. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. पराभवाची कारणे अनेक असतील. परंतु समतेच्या आर्थिक कार्यक्रमाला मत देणाऱ्या किती हातांना दुसरे मत जड गेले, हा प्रश्न त्या चळवळीने जेवढ्या गांभीर्याने घ्यायला हवा होता तेवढा घेतला नाही.

त्यानंतरची पडझड थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ती एकाच कारणाची पुनरावृत्ती आहे. १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष निघाला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला. आणि पक्षातल्या दुसऱ्या गटाला त्यात साम्यवादाचा वास आला. दुरुस्त आणि नादुरुस्त असे भाग पडले. १९७२ मध्ये दलित पँथर गरजली आणि १९७४ मध्ये राजा ढाले व नामदेव ढसाळ यांच्यात फुटली. वादाचा मुद्दा पुन्हा तोच, मार्क्स की बुद्ध. ज्यांच्यासाठी ही लढाई होती त्या माणसाला उपाशीपोटीही अपमान कळत होता आणि अपमानातही भूक लागत होती. ते फक्त त्याच्या नेत्यांना कळत नव्हते.

वरोऱ्याहून पूर्वेला गडचिरोलीच्या रानात गेले की याच चुकीचे सशस्त्र रूप दिसते. १९८० च्या सुमारास नक्षलवादी तेथे आले, तेंदूपानाच्या पुडक्याचा दर त्यांनी कंत्राटदारांकडून वाढवून घेतला, आणि तेवढ्याने शहरांतले त्यांचे भाष्यकार भारावून गेले. पण ज्याचा दर वाढला त्या माडिया-गोंड माणसाला आपल्या गावाचा निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार बंदूकवाल्यांनी दिला नाही. पूर्वी वनरक्षकापुढे वाकायचे, आता दलमपुढे. पुढच्या चार दशकांत खबऱ्या ठरवून मारलेल्या शेकडो सामान्य माणसांत बहुसंख्य आदिवासीच होते. त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने दुसरी वाट धरली. सर्वसहमतीने चालणारी ग्रामसभा बांधली, २००६ च्या वनहक्क कायद्याचा अभ्यास केला, २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरीही बांबू गवत की झाड, या वादात वनखात्याने वाहतूक परवाना अडवून धरला. २७ एप्रिल २०११ रोजी तो परवाना केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आला, तेव्हा गावाला बांबूचे पैसे मिळाले आणि साहेबापुढे हात जोडणेही संपले. एकाच कागदाने दोन्ही.

परंतु केवळ डाव्यांना दोष देऊन मध्यमवर्गीय घरांची सुटका होत नाही. या घरांत वर्षानुवर्षे ऐकू येणारे एक वाक्य आहे: आरक्षण आर्थिक निकषावर द्या, म्हणजे जातीचा प्रश्नच मिटेल. हे वाक्य आणि गिरणी संपातल्या नेत्यांची भूमिका यांत तत्त्वतः काय फरक आहे? दोघेही म्हणतात, गरिबी हेच एकमेव दुःख. जानेवारी २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती झाली, आर्थिक दुर्बलांना दहा टक्के आरक्षण मिळाले, आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ती वैध ठरविली. गरीब घरातल्या मुलाला, मग तो कोणत्याही जातीचा असो, हात मिळालाच पाहिजे. मात्र ज्यांनी या दुरुस्तीचे स्वागत केले त्यांनी तिचा अर्थही स्वीकारावा. आर्थिक निकष जुन्या निकषाच्या जागी आलेला नाही, त्याच्या शेजारी आलेला आहे. दोन दुखणी आहेत, हे त्या दुरुस्तीनेच मान्य केले. गरीब पुरोहिताच्या मुलाला आणि गरीब सफाई कामगाराच्या मुलाला शिक्षणाचे शुल्क सारखेच जड जाते. पण भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारले जाते तेव्हा ते दोघे सारखे राहत नाहीत. समरसतेचा अर्थ त्या दारात तपासला जातो, व्यासपीठावर नव्हे.

आणि सफाई कामगारांचा प्रश्न सुटला असे कोणी समजू नये. महाराष्ट्रात लाड व पागे समित्यांच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याची तरतूद १९७० च्या दशकापासून आहे. २०२३ मध्ये शासनाने या तरतुदी एकत्र करून नवा निर्णय काढला. हजारो कुटुंबांना या तरतुदीने घर, औषध आणि म्हातारपण दिले. तिच्यावर तोंडसुख घेणे हा कृतघ्नपणा होईल. पण वारशाने येणारी ती नोकरी प्रामुख्याने झाडूचीच असते, हेही खरे. बाप जे करीत होता ते मुलाने करावे, ही जातिव्यवस्थेची आज्ञा शासनाच्या शिक्क्याने, कल्याणकारी भाषेत, पुन्हा लिहिली जाते. कामगार संघटना ती तरतूद वाचवण्यासाठी लढतात, त्यांचे बरोबर आहे. जातिनिर्मूलनवाले ती मोडावी म्हणतात, त्यांचेही कारण बरोबर आहे. वारसाची हमी कायम ठेवून त्याच्या शिक्षणाप्रमाणे नगरपालिकेतल्या कोणत्याही खात्यात, लेखा विभागात, पाणीपुरवठ्यात, शाळेत जागा देणे यात अशक्य असे काही नाही. ही मागणी दोन्ही गटांनी एकत्र येऊन रेटली, तर आर्थिक की सामाजिक हा वादच शिल्लक उरत नाही.

मैला वाहण्याची प्रथा १९९३ च्या कायद्याने बंद झाली, २०१३ च्या कायद्याने अधिक कडक बंदी आली. तरी गटारात उतरून माणसे मरत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. भरपाई वाढली, माणसाचे उतरणे थांबले नाही. शहरांतल्या गृहनिर्माण संस्थांच्या टाक्या उपसण्यासाठी कंत्राटदाराला दूरध्वनी जातो तेव्हा दर विचारला जातो, वेळ विचारली जाते. टाकीत यंत्राची नळी जाणार की माणूस, हे सहसा विचारले जात नाही. २०१३ च्या कायद्यानुसार अशा धोकादायक सफाईला माणूस लावणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत, आणि लावणारा म्हणजे केवळ कंत्राटदार असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.