किंमत आणि उगवण

चाकणच्या कांदा बाजारात कारखान्यातली दोन पोरे प्रो कबड्डीवरून वाद घालीत होती. २०१४ साली सर्वांत महाग खेळाडू १२ लाख ८० हजारांचा. २०२३ साली पवन सेहरावत २ कोटी ६० लाखांच्या वर गेला. नऊ वर्षांत वीसपट! एवढी महागाई खतालाही नाही.

“वर्तमानपत्रांना पवनच दिसतो,” एकाची तक्रार. “त्याचा तेलुगू टायटन्स तळाला गेला. आपली पुणेरी पलटण जिंकली, कर्णधार नगरचा अस्लम इनामदार!”

“पलटणनेही इराणच्या शादलूला २ कोटी ३५ लाख मोजलेच की,” दुसरा म्हणाला.

दोघांचेही खरे. महाग ते वाईट नव्हे, पण किंमत म्हणजे उगवण नव्हे. मंडळी, बियाण्याची जाहिरात कितीही मोठी असो, पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून मोजा. पावती जपून ठेवा.