आजी बारीक झाल्या, पण कशाने?

सध्या जिकडेतिकडे वजन कमी करण्याचीच चर्चा आहे. २०२५च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये स्वयंपाकातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करा असं सांगितलं, १५ ऑगस्टच्या भाषणातही लठ्ठपणाचा विषय काढला. त्याच वर्षी मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं आपल्या बाजारात आली. लठ्ठपणा वाढतोय, त्यात वाद नाही. पण ही हवा घरात शिरते तेव्हा ती फक्त सुनेला आणि नातीला लागत नाही, सत्तरीच्या सासूबाईंनाही लागते. आणि तिथेच जरा थांबून बोलायला हवं, असं मला वाटतं.

आमच्या चिंचणीत बचत गटाच्या निमित्ताने माझं घरोघरी जाणं होतं. मुलं-सुना सकाळीच बाहेर पडतात. कुणी बोईसरच्या एमआयडीसीत, कुणी वाणगावला लोकल पकडून विरार-मुंबईकडे. दिवसभर घरात म्हातारी माणसं. एखाद्या काकी दारात दिसल्या की बायका कौतुकाने म्हणतात, “काकी, बारीक झालात हो! शुगर आटोक्यात आली वाटतं.” काकी हसतात. त्यांच्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकलेल्या असतात, ब्लाऊजच्या बाह्या लोंबत असतात. न ठरवता, काही न करता त्या बारीक कशा झाल्या, हे मात्र कुणी विचारत नाही.

पन्नाशीच्या आधी वजन उतरलं तर बहुतेकदा आपण ते मुद्दाम उतरवलेलं असतं. म्हातारपणी आपोआप उतरलेलं वजन ही वेगळी गोष्ट आहे. सहा महिने ते वर्षभरात वजन विसांश भागाने कमी झालं, म्हणजे पन्नास किलोच्या बाईचे अडीच किलो गेले, तर डॉक्टरांकडे जावं असा साधा नियम आहे. त्यामागे क्षयरोग असू शकतो, थायरॉईड असू शकतं, कर्करोग असू शकतो, न सापडलेला मधुमेहही. कधी यातलं काहीच नसतं. कवळी नीट बसत नाही म्हणून भाकरी चावत नाही, एवढंच असतं. नाहीतर जोडीदार गेल्यावर एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा. “रात्रीचं मी काही घेत नाही गं, चहा-बटर पुरतं,” हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय, मोजदाद नाही!

आता सरकारी आकडे बघू. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये पंचेचाळीस वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची देशभर पाहणी केली. ‘लासी’ म्हणतात तिला. तिचा अहवाल २०२१च्या जानेवारीत आला. साठीपुढच्यांमध्ये सुमारे २७ टक्के लोक गरजेपेक्षा कमी वजनाचे निघाले. जास्त वजनाचे त्याहून कमी, साधारण पाचातला एक. खेड्यांत कमी वजनाचं प्रमाण शहरांपेक्षा जास्त. म्हणजे एकीकडे आपण लठ्ठपणाची ओरड ऐकतोय आणि दुसरीकडे दर चार म्हाताऱ्यांमागे एकाहून जास्त जण कमी वजनाचे आहेत. बरं, ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आपण नेहमी दाखला देतो, तिच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत बायकांची उंची-वजनं घेतली ती फक्त ४९ वर्षांपर्यंतच्या. पन्नाशी ओलांडली की बाई काट्यावरून उतरलीच!

आमच्या पालघर जिल्ह्याचं तर विचारू नका. जव्हार-मोखाड्यामुळे कुपोषण हा शब्द या भागाला चिकटला तो जिल्हा ठाण्यापासून वेगळा व्हायच्या, म्हणजे २०१४च्या कितीतरी आधी. पण कुपोषण म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते बाळ. अंगणवाडीत त्याचं वजन दर महिन्याला होतं, तक्त्यावर लिहिलं जातं, घसरलं तर धावपळ होते. हे व्हायलाच हवं. पण त्याच बाळाला कडेवर घेऊन आलेली आजी बाजूला ओट्यावर बसून राहते.

यावर कुणी म्हणेल, वय झाल्यावर बारीक असलेलं बरं, आजार कमी होतात. हे अर्धंच खरं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक छायाचित्र छापलं होतं. त्यात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश मित्र डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण भारतीय हातापायांनी बारीक आणि आतून चरबीवाले, ते असे. म्हातारपणी यात आणखी भर पडते, कारण स्नायू झिजतात. पाय काडीसारखे, पोट पुढे, आणि काटा म्हणतो वजन बरोबर आहे. शिवाय वयाने पाठ वाकते, उंची कमी होते, त्यामुळे बीएमआयचं गणितही फसतं.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४मध्ये ६५ वर्षांवरच्या जवळपास दोन लाख लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. या वयात थोडं जास्त वजन असलेल्यांच्या मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. तो वाढला तो बीएमआय २३च्या खाली जाऊ लागल्यावर. ही माणसं मुख्यतः पाश्चात्त्य देशांतली. आपल्याकडे मधुमेह कमी वजनातही गाठतो, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे उचलायचं कारण नाही. पण सत्तरीच्या बाईला “अजून पाच किलो उतरवा” असं सरसकट सांगू नये, एवढं तरी यातून नक्की घ्यावं.

मग ज्यांचे गुडघे खरोखर वजनाने दुखतात, त्यांनी काय करायचं? त्यांनी वजन उतरवावं, पण नुसतं उपाशी राहून नव्हे. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या १०७ लठ्ठ लोकांवर वर्षभर एक प्रयोग झाला, तो २०११मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता कमी आहार किंवा नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा दोन्ही करणाऱ्यांची हालचाल जास्त सुधारली. नुसतं खाणं तोडलं की चरबीबरोबर स्नायूही जातात आणि उतारवयात ते परत कमावणं फार कठीण. त्या इंजेक्शनांचीही हीच काळजी आहे. मधुमेहाच्या काही गोळ्यांनीसुद्धा भूक मंदावते. गोळी मनाने बंद करायची नाही, पण जेवण कमी झालंय हे डॉक्टरांना सांगायला हवं. आमच्याकडच्या एका काकींना शुगर निघाली तेव्हा एका दवाखान्यात “भात बंद, गोड बंद” एवढंच सांगितलं. भाताच्या जागी काय खायचं, ते कुणीच सांगितलं नाही. काकींनी भात सोडला, त्या जागी काहीच घेतलं नाही. वर्षभरात त्यांना मोरीतून उठताना भिंत धरावी लागायला लागली.

स्नायूंना लागतात प्रथिनं. तज्ज्ञ सांगतात, उतारवयात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम हवीत. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.) म्हणजे ४५ किलोच्या आजींना रोज पन्नासेक ग्रॅम. एका अंड्यात सहा, वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा, पेलाभर दुधात सहा. चहा-बटरात काय असणार? आपल्या किनाऱ्यावर तर सोय आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हाही फडताळात सुका बोंबील आणि जवळा असतो, आणि सुक्या बोंबलात निम्म्याहून जास्त प्रथिनंच. रक्तदाब असेल तर खारवलेली मासळी नको, उन्हात वाळवलेली घ्यावी. दात नसतील तर जवळा भाजून कुटून वरणात घालता येतो. शाकाहारी घरात वाल, चवळी, मुगाचं धिरडं, ताक. पण घरातला तुकडा आधी कमावत्याच्या ताटात, मग नातवाच्या, मग उरला तर. आणि वाढणारी असते आजीच!

सरकार काय देतं? रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ-गहू २०२३पासून फुकट आहेत. चांगलंच आहे, पण डाळ त्यात नाही. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार रुपये येतात, त्यातून आधी औषधं. २०२४च्या वयोश्री योजनेत चष्मा, काठी, श्रवणयंत्रासाठी एकदाच तीन हजार. काठी मिळते, पण काठी लागू नये म्हणून अंड्याला पैसे नाहीत.

आशाताई तिशीपुढच्यांचा जो फॉर्म भरतात, त्यात कमरेचं माप असतं. वजन घटतंय का, हाही प्रश्न असतो, पण तो क्षयरोगाच्या लक्षणांत. पोटरीचं माप नाही. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९मध्ये ठरवलंय की पोटरीचा घेर बाईचा ३३ आणि पुरुषाचा ३४ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर स्नायू झिजल्याची शंका घ्यावी. पाय सुजले असतील तर हे माप फसतं. दुसरी खूण म्हणजे हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला बारा सेकंद किंवा जास्त लागणं. शिवणाची टेप कुठल्या घरात नाही?

श्रावणबाळच्या लाभार्थींना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्याच दिवशी त्यांचं वजन घ्यावं, गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघावं आणि घसरण दिसली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावं, असं आम्ही काही जणी पुढच्या ग्रामसभेत मांडणार आहोत. नवीन खर्च काही नाही. गरोदर बायांसाठी मोठा काटा लागतोच, तोच त्या दिवशी आणून ठेवायचा.