जागा ओळखणारा बचावपटू



घरात नातवंडे फुटबॉलचा सामना पाहत बसली, की आपणही क्षणभर तेथे थबकतो. टाळ्या मिळतात त्या गोल करणाऱ्याला. गोल होऊ न देणाऱ्याचे नाव सहसा आपल्या कानांवर येत नाही. आज अशाच एका बचावपटूविषयी आपल्याशी बोलावेसे वाटते.

पाओलो मालदिनी हा इटलीतील मिलान शहराचा. जन्म १९६८ सालचा. वडील चेझारे हे ए. सी. मिलान संघाचे नावाजलेले कर्णधार. २० जानेवारी १९८५ रोजी उदिनेझे संघाविरुद्ध एक सहकारी जायबंदी झाला आणि १६ वर्षांच्या पाओलोला मैदानात उतरवण्यात आले. त्याने अखेरचा सामना खेळला तो ३१ मे २००९ रोजी, वयाची ४१ वर्षे पूर्ण होण्यास महिनाही उरला नसताना. मधल्या २५ हंगामांत संघ एकच आणि त्या संघासाठी सामने ९०२. युरोपचे अजिंक्यपद त्याने पाच वेळा जिंकले. त्यांतील शेवटचे, २००७ साली अथेन्स येथे, कर्णधार म्हणून आणि वयाच्या ३८व्या वर्षी.

हे शरीर इतकी वर्षे टिकले कसे? दुखण्यांनी त्यालाही सोडले नव्हते. उत्तरार्धात गुडघ्यांनी त्याला बराच त्रास दिला. परंतु त्याच्या खेळातील दोन गोष्टी आपण ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट अशी, की जमिनीवर घसरत जाऊन चेंडू हिसकावण्याची वेळ तो स्वतःवर क्वचितच येऊ देई. प्रतिस्पर्धी कोठे जाणार हे ओळखून तो आधीच तेथे उभा असे. आपल्या घरातही असेच आहे. वडीलधारे माणूस न्हाणीघरात पडले, की सारे घर धावते. ते धावणे आवश्यकच. पण खरा बचाव त्याआधीचा असतो. ओली फरशी वेळीच कोरडी करणे, भिंतीला आधाराची दांडी बसवणे, दुमडलेली सतरंजी वाटेतून उचलणे, रात्री एक मंद दिवा तेवत ठेवणे, झोपेतून उठताना एकदम उभे न राहता काही क्षण पलंगाच्या कडेला बसणे. या कामांना कोणी टाळ्या वाजवत नाही. शुश्रूषा करणाऱ्यांचा बहुतेक दिवस अशाच कामांत जातो. त्यांच्यामुळे जे घडले नाही, त्याची नोंद कोठेच होत नाही.

दुसरी गोष्ट जागा बदलण्याची. तरुणपणी मालदिनी प्रामुख्याने डाव्या बगलेला खेळे. तेथे सतत पुढे-मागे धावावे लागते. वय वाढले तसा तो अधिकाधिक बचावाच्या मध्यभागी खेळू लागला. तेथे लांब धावांची गरज कमी आणि अंदाजाची अधिक. त्याने जागा बदलली, मैदान सोडले नाही.

आपली चूक येथेच होते. हातात काठी घेणे आपल्याला अपमानाचे वाटते आणि माळ्यावरचा डबा काढायला आपण स्टुलावर चढतो. उलट मुले-सुना प्रेमापोटी म्हणतात, ‘तुम्ही नुसते बसा, आम्ही करतो.’ एकाला जागा सोडवत नाही, दुसरा मैदानाबाहेरच बसवतो. बसून राहिलेल्या शरीराचे स्नायू लवकर क्षीण होतात आणि त्यामुळे पडण्याची भीती वाढतेच. म्हणून जागा बदलून द्यावी. ओट्याशी उभे राहणे जमत नसेल, तर खुर्चीत बसून भाजी निवडावी. दूरच्या बाजाराऐवजी काठी घेऊन गल्लीतच संध्याकाळची फेरी मारावी. आपल्या डॉक्टरांना विचारून, भक्कम खुर्चीतून सावकाश उठण्या-बसण्याचा सराव करावा. मांड्यांना बळ येते.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. सान सिरो या घरच्या मैदानावरील मालदिनीच्या निरोपाच्या सामन्यात, त्याच्याच संघाच्या काही पाठीराख्यांनी त्याची हुर्यो उडवली. २५ वर्षांच्या सेवेनंतर! आठवड्याभराने फ्लॉरेन्समध्ये मात्र प्रतिस्पर्धी संघाच्या प्रेक्षकांनी टाळ्यांच्या गजरात त्याला निरोप दिला. आजारी माणसाची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्यालाही एखाद्या दिवशी त्याच माणसाकडून कठोर शब्द ऐकावा लागतो. तो शब्द बहुधा दुखण्याचा असतो. त्यावरून आपल्या सेवेचे मोल ठरवू नये. आणि आपण सेवा घेणारे असाल, तर कौतुकाचा पहिला शब्द परक्याच्या तोंडून येण्याची वाट पाहू नये.

आज रात्री निजण्यापूर्वी एकच करावे. सेवा घेणारा आणि करणारा, दोघांनी मिळून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत सावकाश चालावे. वाटेत पाय कोठे अडखळतो, हात कोठे आधार शोधतो, ते पाहावे. आपल्या बचावाची जागा तेथेच आहे.