मुरुम लागला का?

मराठवाड्यात घर बांधायचे तर आधी काळी माती काढावी लागते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया टिकत नाही. म्हणून पाया खणताना जाणता गवंडी विचारतो, मुरुम लागला का? धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यात तर मुरुम नावाचे गावच आहे. संगणकावर रचना करणाऱ्या आपणा सर्वांना हाच प्रश्न विचारावासा वाटतो: आकृतीखालचा डेटा पक्का आहे का.

समजा, या गावाजवळ 40 घरांची वसाहत ग्रासहॉपर या रचनेच्या संगणकीय साधनात रचायची आहे. प्रत्येक प्लॉटवर खड्डा घेऊन मुरुम किती फुटांवर लागला ते तक्त्यात लिहिले. 17व्या खड्ड्याची नोंद राहून गेली आणि तक्ता वाचताना तो रिकामा रकाना गळाला. यादीत उरले 39 आकडे. आता 17व्या घराला 18व्याची खोली मिळते, 18व्याला 19व्याची. असे 39व्या घरापर्यंत 23 पाये चुकतात. 40व्या घरासाठी अखेरचा आकडा पुन्हा वापरला जातो, म्हणून यादी पुरल्यासारखी वाटते. एकही नोड लाल किंवा नारिंगी होत नाही. डायनॅमो या तशाच साधनात 'शॉर्टेस्ट' लेसिंग, म्हणजे छोट्या यादीपाशी थांबणारी जुळणी असेल, तर 40वे घर निमूटपणे गळते. पडद्यावरची वसाहत मात्र देखणीच दिसते.

आकृती दिसली म्हणजे डेटा दिसला, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. दोन याद्या जिथे एकत्र येतात, तिथे दोन्हींची लांबी मोजा आणि शेजारी यादीतले आकडे दाखवणारे पॅनेल लावा. ग्रासहॉपरच्या तारांकडेही पाहा: 'फॅन्सी वायर्स' चालू असतील, तर एकेरी तार म्हणजे एकच मूल्य, दुहेरी म्हणजे यादी, तुटक म्हणजे डेटा ट्री. डायनॅमोमध्ये वॉच नोड ठेवा. सर्वांत उपयोगाचे म्हणजे आकडा त्याच्या जागी नेऊन ठेवा. टेक्स्ट टॅगने प्रत्येक प्लॉटवर त्याचा क्रमांक आणि पायाची खोली लिहा. शेवटच्या दोन प्लॉटांवर एकच खोली दिसली, की शंका यायलाच हवी. फाइल जड झाली तर मेशचा प्रिव्ह्यू बंद करा; पॅनेल काढू नका. फाइल सुबक दिसावी म्हणून पॅनेल पुसून टाकण्याची सवय आपण सोडली पाहिजे. आपल्यानंतर ती फाइल उघडणाऱ्याला तेवढाच आधार असतो.

हा आग्रह याच मातीने शिकवला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपाने उमरगा आणि औसा तालुक्यांतली गावे उद्ध्वस्त केली. तिथल्या घरांच्या दगडी भिंती रुंद होत्या, पाहणाऱ्याला भक्कम वाटत. पण आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हते. मध्ये दगडगोट्यांचा आणि मातीचा भराव होता. वर माळवदाचे ओझे. हादरा बसताच थर सुटले, आणि झोपेतली माणसे त्याखाली गेली.

त्या भिंतीचे पोट कुणाला दिसत नव्हते. आपल्या रचनेचे पोट आपल्याला दिसू शकते, एका पॅनेलच्या अंतरावर. तेव्हा नकाशा साइटवर पाठवण्याआधी एक काम करा. खड्ड्यांची वही हातात घ्या आणि प्रत्येक प्लॉटवरचा आकडा तिच्याशी ताडून पाहा. 17व्या ओळीपाशी थांबावे लागेल, तिथे पुन्हा खड्डा घ्यावा लागेल. तो घ्या. त्या घरात कुणीतरी झोपणार आहे.