पाणबुड्याचा अनुभव आणि वाटाड्याचा अधिकार

मालवणच्या समुद्रात नवख्या पर्यटकाचा हात धरूनच त्याला पाण्याखाली नेले जाते. परंतु प्रमाणपत्र खिशात बाळगणाऱ्या, अनेकदा खोल पाण्यात उतरलेल्या पाणबुड्यावर वाटाड्याने किती नजर ठेवावी? कोकणातील स्कूबा पर्यटन पुढच्या टप्प्यावर जात असताना या प्रश्नाचे उत्तर टाळता येणार नाही.

गगनबावडा : कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, गगनगडाच्या पायथ्याशी रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक करूळ घाटाने कोकणात उतरतो, दुसरा भुईबावडा घाटाने. सुट्टीच्या दिवसांत पहाटेच्या धुक्यातून हे घाट उतरणाऱ्या गाड्यांतील अनेकांचा मुक्काम मालवण, तारकर्ली नाही तर देवबागला असतो. पूर्वी ही मंडळी सिंधुदुर्ग किल्ला पाहून आणि मासे खाऊन परतत. आता ‘स्कूबा केले का?’ हा प्रश्न परतल्यावर हमखास विचारला जातो.

यातील बहुसंख्य पर्यटक आयुष्यात पहिल्यांदाच पाण्याखाली श्वास घेत असतात. त्यांच्या बाबतीत वाद नाही. वाटाडा त्यांना धरूनच ठेवतो, हवेचा काटा तोच पाहतो आणि वर कधी यायचे तेही तोच ठरवतो. तंटा सुरू होतो तो दुसऱ्या वर्गापासून. अंदमान, लक्षद्वीप किंवा मालदीवमध्ये शिकून आलेला, नोंदवहीत पन्नास-शंभर बुड्या असलेला पर्यटक येथे येतो आणि स्थानिक वाटाडा त्याच्याही टाकीला हात घालतो, तेव्हा त्याला तो अपमान वाटतो. ‘मी पैसे मोजून आलो आहे, मला पोहायला शिकवू नका,’ ही त्याची भावना. ‘काही झाले तर पोलीस माझ्या दारात येतील,’ ही वाटाड्याची. दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

प्रमाणपत्र काय सांगते?

आंतरराष्ट्रीय मानकांनी करमणुकीसाठी बुडी मारणाऱ्यांच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत. पहिल्या पायरीवरचा पाणबुड्या देखरेखीखालीच, १२ मीटरपर्यंत उतरू शकतो. दुसऱ्या पायरीवरचा स्वावलंबी. तो बरोबरीच्या जोडीदारासह २० मीटरपर्यंत, कोणाच्याही देखरेखीशिवाय जाऊ शकतो. तिसरी पायरी इतरांचे नेतृत्व करणाऱ्याची. कागदावर पाहिले तर अनुभवी पर्यटकाची तक्रार रास्त ठरते. ज्याला स्वावलंबी म्हणून मान्यता मिळाली, त्याचा हात का धरायचा?

पण याच मानकांत एक अट गृहीत धरलेली आहे. पाण्याची परिस्थिती प्रशिक्षण घेतले तेव्हासारखी किंवा त्याहून सोपी असली पाहिजे. नेमकी येथेच गोम आहे. निळ्या, आरपार दिसणाऱ्या पाण्यात मिळवलेला अनुभव मालवणच्या किनाऱ्यावर जसाच्या तसा चालत नाही. येथे नदी-खाड्यांतून येणारा गाळ आहे, भरती-ओहोटीची ओढ आहे आणि काही दिवशी दोन-चार मीटरपलीकडचे दिसत नाही. शिवाय प्रमाणपत्राला मुदत नसते. दहा वर्षांपूर्वी ते मिळवलेला आणि त्यानंतर पाण्याकडे न फिरकलेला माणूसही कागदोपत्री ‘अनुभवी’च असतो. सुटलेले पोट, वाढलेला रक्तदाब यांची नोंद त्या पत्रिकेवर नसते.

हवा संपते कोणाची?

अमेरिकेतील ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातील ९४७ मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. दुर्घटनेची सुरुवात कशाने झाली हे ज्या प्रकरणांत शोधता आले, त्यांतील सुमारे ४१ टक्के प्रकरणांत ती अपुऱ्या हवेने झाली होती. उपकरणातील बिघाड हे कारण त्या मानाने बरेच मागे होते.

हवा संपणे ही नवख्याची चूक वाटते. प्रत्यक्षात हात धरून उथळ पाण्यात नेलेल्या नवख्याची हवा मोजणारा दुसरा कोणीतरी असतो. काटा स्वतः पाहायची जबाबदारी असते ती प्रमाणपत्रधारकावर. छायाचित्र टिपण्यात किंवा एखाद्या माशामागे जाण्यात तो रमला, की तीच नजर चुकते. म्हणजे वाटाड्याने अनुभवी माणसाकडे पाहण्याचे कारण त्याचे अज्ञान हे नसून त्याचा आत्मविश्वास हे आहे.

तरीही देखरेख म्हणजे पहारा नव्हे. पाच-सहा जणांच्या चमूत प्रत्येकाला सारखेच धरून ठेवू पाहणारा वाटाडा शेवटी कोणाकडेच नीट पाहू शकत नाही. ज्याला खरी गरज आहे, त्याच्या वाट्याचे लक्ष गरज नसलेल्यावर खर्च होते. आणखी एक तोटा असा की सतत सांभाळला गेलेला पाणबुड्या स्वतः काटा पाहणे सोडून देतो. अतिरेकी देखरेखीने परावलंबन वाढते आणि वाटाडा क्षणभर दृष्टीआड झाला की तेच जिवावर बेतते.

कडक कोठे, सैल कोठे?

म्हणून ‘किती कडक?’ यापेक्षा ‘कशात कडक?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. चार गोष्टींत सवलत असू नये : ठरलेली खोली, परत फिरण्यासाठी ठरलेला हवेचा आकडा, वर येण्याचा सावकाश वेग आणि जोडीदाराची साथ. या मर्यादा वाटाड्याने नौकेवरच सांगाव्यात आणि पाहुण्याने त्या तेथेच मान्य कराव्यात. पाण्याखाली वाद घालता येत नाही. तेथे फक्त हाताच्या खुणा असतात. या चौकटीत मात्र अनुभवी माणसाला मोकळीक हवी. त्याने कोठे थांबावे, काय पाहावे, वाटाड्यापासून किती हात दूर राहावे, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.

ही मोकळीक पत्रिकेवरून नव्हे, पाण्यात पाहून द्यावी. शेवटची बुडी कधी आणि कशा पाण्यात मारली, हे दोन साधे प्रश्न विचारावेत आणि पहिली बुडी उथळ जागी ठेवावी. पाण्यात शरीर कसे तोलले जाते, श्वास किती शांत आहे, हे जाणत्या वाटाड्याला दहा मिनिटांत कळते. खरा अनुभवी पाणबुड्या या तपासणीला सहसा नाही म्हणत नाही. जो फार चिडतो, त्याच्यावरच नजर ठेवावी, हा व्यवहार आहे.

यासाठी वाटाड्याला ‘आज नाही’ म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. जमीन, पाणी आणि हवेतील उपक्रमांसाठी नोंदणी व सुरक्षेच्या अटी आल्या. तारकर्लीत राज्य पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिने स्थानिक तरुणांना या व्यवसायाचे रीतसर शिक्षण मिळण्याची सोय केली. परंतु ज्याची कमाई प्रत्येक बुडीवर ठरते, तो समुद्र खवळलेला असतानाही नकार देताना दहा वेळा विचार करणार. बुडी रद्द झाली तरी वाटाड्याचा त्या दिवसाचा मेहनताना बुडणार नाही, एवढी व्यवस्था व्यावसायिकांनी केली, तर ती अनेक नियमांपेक्षा परिणामकारक ठरेल.

धोका नेहमी पाण्याखालीच असतो असेही नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा आटोपून परतणाऱ्या वीस पर्यटकांची नौका उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. बुडी संपली म्हणजे जबाबदारी संपली, हा समज त्या दिवशी खोटा ठरला.

बुडी घाटमाथ्यावर संपते

आणि हीच जबाबदारी गगनबावड्यापर्यंत येते. पाण्याखालच्या दाबामुळे श्वासातील नायट्रोजन शरीरात विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पूर्ण बाहेर पडण्याआधी माणूस उंचीवर गेला, तर बाहेरचा दाब आणखी घटतो आणि शरीरात बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. म्हणूनच एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा अधिक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असे सांगितले जाते. ही शिफारस सुमारे ६०० मीटरपासून पुढच्या उंचीसाठी आहे, आणि गगनबावड्याचा घाटमाथा या मर्यादेच्या आसपासच येतो. आंबोलीचेही तसेच.

यात घाबरून जाण्यासारखे काही नाही. किल्ल्याजवळ उथळ पाण्यात एकदा उतरलेल्या नवख्याला धोका फारच थोडा. प्रश्न आहे तो दोन दिवसांत चार-पाच खोल बुड्या मारून रविवारी दुपारी गाडी काढणाऱ्याचा, म्हणजे पुन्हा अनुभवी माणसाचाच. सांधे दुखणे, हातापायाला मुंग्या, विचित्र थकवा ही लक्षणे त्याला प्रवासाचा शिणवटा वाटतील आणि तो गाडी कोल्हापूरकडे हाकत राहील. अशा वेळी लागतो प्राणवायू आणि या आजाराची जाण असलेला डॉक्टर. घाटात यांपैकी काहीच हाताशी नसते. शेवटची खोल बुडी शनिवारी आटोपावी, रविवार किनाऱ्यावर काढावा आणि सावकाश घाट चढावा, हे सांगणे वाटाड्याच्या कामाचाच भाग मानला पाहिजे.

हा विषय पुढे अधिक गंभीर होणार आहे. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवती रॉकजवळ समुद्रतळी ठेवून कृत्रिम प्रवाळभित्ती आणि सागरी संग्रहालय उभारण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला. विजयदुर्गपासून शंभरहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक ही प्रवाळांची बुडीत पठारभूमी आहे. तिचा माथाही पृष्ठभागाखाली सुमारे २० मीटरवर आहे. अशा जागा हात धरून नेलेल्या नवख्यांसाठी नाहीत. तेथे येणारे स्वतःला जाणकार म्हणवणारेच असतील, आणि बुडालेल्या जहाजाच्या अंधाऱ्या दालनात शिरण्याचा मोह त्यांनाच होईल.

पावसाळी धुक्यात घाटवाट उतरणाऱ्या जुन्याजाणत्या भटक्यालाही गावातला वाटाड्या लागतो. तो त्याला चालायला शिकवत नाही. कालच्या पावसाने कोणता ओढा फुगला, एवढेच सांगतो, आणि शहाणा भटक्या ते ऐकतो. समुद्रातील वाटाड्याकडूनही याहून अधिक अपेक्षा नको आणि याहून कमीही नको.